ऑर्किडला पोटभर पाणी

चैत्र लागला की मी माळ्यावरचा कूलर खाली काढून घेते. गच्चीवर नेऊन त्याच्या जाळ्या सोडवते आणि गेल्या उन्हाळ्याचं गवत उपसायला बसते. ते गवत हाताला गवतासारखं लागतच नाही. आमच्या बोअरचं पाणी उन्हाळाभर त्याच्यावरून ओघळलेलं असतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. काडीकाडीवर पांढरं कवच चढलेलं असतं. ओढलं की कडकड मोडतं, नखात शिरतं, आणि हात झटकले की उन्हात खडूची उडावी तशी भुकटी उडते. शिरूर कासारात राहणाऱ्या कुणाला यात नवल वाटायचं नाही. आमच्या बादल्यांना आतून पांढरी वर्तुळं असतात, तोट्यांना पांढरी दाढी असते, चहाचं पातेलं कितीही घासलं तरी बुडाशी राखाडी राहतंच.

यंदाही ते गवत उपसताना दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. गेल्या चैत्रात आठवला होता तेव्हा मी हातातलं काम टाकून खाली गेले होते, अप्पा खुर्चीत बसलेत ना हे बघायला. यंदा गेले नाही. खालून त्यांचा खोकल्याचा आवाज आला, साधा, घसा साफ करण्याचा, आणि माझे हात चालू राहिले.

अप्पा म्हणजे माझे यजमान. आमचं भांड्यांचं दुकान आहे, आणि सगळी बाजारपेठ त्यांना अप्पा म्हणते. मुलगीही अप्पा म्हणते, म्हणून माझ्याही मनात ते अप्पाच. तोंडानं मात्र मी ‘अहो’ म्हणते. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. त्या उन्हाळ्याच्या आदल्या दिवाळीत अप्पांचे पाय सुजले. चपलेत अंगठा घुसेना. दुकानात उभं राहून सुजले असतील म्हणून आम्ही मिठाच्या पाण्यात पाय बुडवले, तेल चोळलं. मग तोंड सुजलं. बीडला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या थकल्यात. औषधांनी थोडे दिवस ढकलले आणि संक्रांतीनंतर डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा बीड. सकाळी निघायचं, मशीनवर पडायचं, दिवस कलताना परत.

डायलिसिसपेक्षा अवघड होतं ते पाणी. लघवी जवळजवळ बंद झालेली, प्यालेलं पाणी अंगातच साचायचं, म्हणून डॉक्टरांनी ते मोजून दिलं होतं. सकाळी मी एक तांब्या भरून ठेवायची आणि दिवसभराचं त्यातच भागवायचं. चहा त्यातून वजा, वरणाचं पाणी त्यातून वजा, गोळ्यांचे घोट त्यातून वजा. आणि माणूस कोण? ज्यानं उभा जन्म हंडे, घागरी, कळशा, पिंपं विकली तो. उन्हाळ्यात आमच्याकडे गिऱ्हाईक घागर घ्यायला आलं की ती गळते का हे बघायला अप्पा ती पाण्यानं भरून दाखवायचे. ती सवय त्यांनी त्या वर्षीही सोडली नाही. घागर भरताना तिचा आवाज बदलत जातो, आधी पोकळ, मग जाड, मग गळ्याशी आल्यावर बारीक. मी कधी दुकानात असले तर तो आवाज मला सहन व्हायचा नाही. अप्पा घागर भरायचे, बूड कोरडं आहे हे बोटानं दाखवायचे आणि पाणी परत पिंपात ओतायचे. घरी आल्यावर बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचे. तो विरघळेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.

होळीला आमची गौरी पुण्याहून आली. तिथं ती नोकरी करते. बापासाठी काय आणावं ते तिला सुचलं नसणार. गोड चालत नव्हतं, फळं चालत नव्हती, कपड्यांत त्यांना रस नव्हता. एसटीत मांडीवर धरून तिनं एक ऑर्किड आणलं होतं. जाड, चकचकीत पानं, एकच वाकलेली दांडी आणि तिच्यावर पांढरी फुलं, प्रत्येकाच्या मधोमध जांभळा डाग. अप्पांचं लक्ष मात्र फुलांकडे गेलंच नाही. ते कुंडीकडे बघत होते. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची होती. आत माती नव्हती, लाकडाच्या सालीचे तुकडे होते आणि त्यांच्यामधून बोटभर जाड मुळं वेटोळी घेत गेलेली दिसत होती.

“माती कुठाय गं?”

“लागत नाही अप्पा. मुळं रुपेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी झाली की थांबायचं. सकाळी द्यायचं. आणि पानांच्या मधल्या खोबणीत साचू द्यायचं नाही.”

एवढं सांगून ती गेली आणि ते झाड अप्पांचं झालं. टबात पाणी घेऊन ते कुंडी त्यात उभी करायचे. सालीतून बारीक बुडबुडे निघायचे. अप्पा कान लावून ऐकायचे. थोड्या वेळानं मुळांचा रंग पालटायचा, राखेसारखी मुळं वाटाण्याच्या शेंगेसारखी हिरवी व्हायची. “पितंय बघ,” ते मला हाक मारून सांगायचे. मी स्वयंपाकघरातून येऊन बघायची. खरंच ते बघत राहावंसं वाटायचं.

पण चैत्र सरता सरता फुलं गळाली. इतक्यात गळायला नको होती. सालीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसायला लागलं. बोटानं खरवडलं तर बुरशी नव्हती, क्षार होता. मुळांची टोकं तपकिरी झाली. खालचं एक पान पिवळं पडलं. अप्पांनी गौरीला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

“अप्पा, पाणी कुठलं देताय?”

“आपलंच की. बोअरचं.”

“मग तेच झालंय. ही झाडं रानात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात. जमिनीतलं पाणी त्यांना सोसत नाही. वरून पडेल ते पावसाचंच. बोअरच्या पाण्यातला क्षार मुळांवर बसतो आणि टोकं जळतात.”

“चैत्रात पावसाचं पाणी कुठनं आणू, बाई?”

तिच्याकडे उत्तर होतं: आरओचं पाणी, नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. बॅटरीचं पाणी जिवंत झाडाला घालायला अप्पा तयार नव्हते. पण त्या दिवसापासून अप्पांना एक काम लागलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. आजारी पडल्यापासून प्रथमच ते स्वतःच्या किडन्या सोडून कशाचा तरी विचार करत होते.

नळाला त्या उन्हाळ्यात पाणीच नव्हतं. टँकर यायचा, पण तो कुठल्यातरी बोअरवरच भरलेला असायचा. कोपऱ्यावर आरओचं म्हणून थंड पाण्याचे जार मिळतात, त्यांतला एक आणला. अप्पांनी त्यातला अर्धा घोट जिभेवर घेतला, तो माझ्यासमोर स्वतःच्या तांब्यातून वजा केला आणि म्हणाले, “नुसतं गार केलंय. आपलंच बोअर.” मग मी पाणी उकळून दिलं. उकळल्यावर थोडा क्षार पातेल्याला बसतो, बाकीचा राहतोच, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. ते निवलेलं पाणी अप्पांनी दुकानातल्या नव्या कोऱ्या तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलं आणि कौतुकानं गौरीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन.

“तांब्यात नको! अप्पा, तांबं उतरतं पाण्यात, ऑर्किडला ते विषासारखं!”

अप्पा फोन हातात धरून नुसते उभे राहिले. मग हसायला लागले. “उभी हयात गिऱ्हाइकाला सांगतोय, तांब्याचं घ्या, पाणी गुणाचं होतंय,” ते म्हणाले, “आणि हे एक झाड निघालं बघ माझा धंदा बसवायला.” कितीतरी महिन्यांनी ते हसत होते. हसताना धाप लागली तरी हसले.

मला मात्र एक ओझं वाटायचं. आमच्या गल्लीत टँकर आला की पाइपाभोवती बाया गर्दी करायच्या, घागरीला घागर आपटायची, पोरीबाळी ड्रमवर चढायच्या. मीही त्यांच्यातच असायची. आणि माझ्या घरात मागच्या खोलीत एक फूल टबात बसलेलं. ऑर्किडला लागतं ते पाणी तांब्याभरच, टबात उरलेलं मी पायरीवर ओतायची ते वेगळं, तरी मी ते झाड पुढच्या खोलीत कधी ठेवलं नाही.

अशात थोरली नणंद आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. नांदूरघाटला दिली आहे, शेती करते, अप्पांपेक्षा बरीच मोठी. येताना पिशवीत शेवग्याच्या शेंगा आणि ज्वारीचं पीठ. चहा झाल्यावर घरभर फिरली आणि मागच्या खोलीत ऑर्किडपाशी थांबली.

“ह्याला फळ येतंय का?”

“न्हाई,” अप्पा म्हणाले.

“वास?”

“वास बी न्हाई.”

“मग हे करतंय तरी काय?”

“पाणी पितंय,” अप्पा म्हणाले.

खिडकीत अप्पांचा दिवसाचा तांब्या होता, त्यावर फुलपात्र पालथं. अक्कानं ते उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. जेवताना तिनं पाणी मागितलं नाही. आत जाऊन माझ्याकडे उभ्यानं पिऊन आली.

बीडच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये अप्पांच्या शेजारच्या खाटेवर साळवे काका असायचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आंबेडकर जयंतीच्या आठवड्यात निळा रुमाल खांद्यावर टाकूनच मशीनवर झोपलेले. वयानं अप्पांएवढेच, पहिल्याच दिवशी त्यांनी मैत्री करून टाकली होती. सिस्टर सुई लावायला आली की म्हणायचे, “लावा बाई, शिरूरचं टिकीट फाडा आधी, तेवढं लांबचं हाय.” ऑर्किडची सगळी हकिकत त्यांना ठाऊक होती.

त्या हॉलच्या मागच्या भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता. त्यातून दिवसभर पाणी गटारात पडायचं. अप्पांना कुणीतरी सांगितलं होतं की मशीनला लागणारं पाणी आत शुद्ध करतात. त्यांनी ते पडणारं पाणी बघितलं आणि त्यांचा जीव कळवळला. एवढं चांगलं पाणी गटारात! मग दर खेपेला एक कॅन भरून घरी. एसटीत तो कॅन आमच्या दोघांच्या पायांत. त्या पाण्यानं झाडाचं दुसरं पान सुरकुतलं, तिसरं मलूल झालं. अप्पा म्हणायचे, “आधीचं दुखणं हाय, येळ लागंल.”

एके दिवशी सिस्टर कामावरून सुटून निघाली होती, तिनं आम्हाला पाइपखाली कॅन धरलेला बघितला.

“अप्पा, कशाला भरताय? भांडी घासायला का?”

“फुलाला, ताई. शुद्ध हाय म्हणून.”

“अहो, शुद्ध पाणी आत जातं, तुमच्यासाठी. त्यातला काढलेला सगळा क्षार या पाइपानं बाहेर येतो. हे बोअरपेक्षा वाईट!”

अप्पांनी कॅन तिथंच रिकामा केला. परतीच्या वाटेवर ते खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर नांगरून टाकलेली रानं, उन्हानं पांढुरकी झालेली. घरी आल्यावर कुंडीसमोर बसून एवढंच म्हणाले, “लेकरानं सांगितलं व्हतं मीठ नको. मी वाटी भरून पाजलं.”

मी गौरीला फोन केला. ती म्हणाली, एसीतून गळतं ते पाणी स्वच्छ असेल तर चालतं, ते हवेतलंच असतं. पुढच्या खेपेला हे साळवे काकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी सगळा कारभार हातात घेतला. झाडणाऱ्या मावशींना हाक मारून एसीची नळी धुवून घेतली, खिडकीबाहेर तिच्याखाली धुतलेली बादली ठेवायला लावली. वैशाखातली कोरडी हवा. पाणी पडायचं ते थेंब थेंब. बादली खिडकीतून दिसायची. त्या बाजूच्या रांगेत पडलेल्या सगळ्या माणसांची नजर तिच्याकडे.

“किती झालं बे?” कुणीतरी टोकाच्या खाटेवरून विचारायचं.

“बूड झाकलंय,” साळवे काका सांगायचे. “दम धर. आष्टी आली, अजून नगर लांब हाय.”

त्या हॉलमध्ये एकालाही पोटभर पाणी प्यायची मुभा नव्हती. आणि ती सगळी माणसं एका फुलासाठी बादली भरायची वाट बघत होती. मी दाराशी स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघायची आणि मुलांच्या वह्यांतले निबंध तपासायचं सोडून द्यायची.

ते पाणी गाळून आम्ही घरी आणलं. गौरीनं सांगितल्याप्रमाणे आधी कुंडीतून भरपूर पाणी नुसतं वाहू दिलं, क्षार धुतला जावा म्हणून. कुजलेली मुळं कात्रीनं काढली. चांगली होती ती थोडीच. या पाण्यात झाडाला खायला काही नसतं म्हणून अगदी चिमूटभर खत, तेही कधीमधी. झाड मेलं नाही. सुधारलंही नाही. होतं तसं उभं राहिलं.

आणि एका सकाळी अप्पांना श्वास घेता येईना. पलंगावर बसून पुढं वाकले होते, ओठ काळसर. शेजाऱ्यांची जीप करून बीड गाठलं. वेळ नसताना मशीनवर घेतलं. सिस्टरनं विचारलं, “पाणी जास्त झालं का?” अप्पांनी होकाराची मान हलवली, माझ्याकडे न बघता.

दोन दिवसांनी परत येताना गाडीत त्यांनी आपणहून सांगितलं. ऑर्किडला टबात ठेवलं होतं, बुडबुडे निघत होते, मुळं हिरवी होत होती, आणि त्यांना राहवलं नाही. मोरीतल्या बादलीतून उभ्या उभ्या तांब्यावर तांब्या प्यायले.

“उद्यापासून त्याला पाणी मी घालते,” मी म्हणाले.

“मंगल, तेवढं काम माझ्याकडनं काढू नको.” त्यांचा आवाज अजून बसलेला होता. “मला मोजून मिळतंय, कबूल हाय. पन एकाला तरी मी पोटभर देतोय की.”

दुसऱ्या दिवशी टब, कॅन, गाळणं असं सगळं मीच मांडलं, त्यांना पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. त्यांनी पाणी घातलं, आम्ही दोघांनी बघितलं, मी टब उचलला. पुढं दर वेळी तसंच.

जीप करून बीडला न्यावं लागलं हे नांदूरघाटला कळलं होतं. वैशाख संपायच्या आत अक्का परत आली, या वेळी दाजींना घेऊन आणि कपड्यांची पिशवी भरून. पाय धुतले, अप्पांसमोर येऊन बसली.

“शिवा, मी एक किडनी देणार हाय तुला. दाजींना बी मान्य हाय.”

दाजी टोपी हातात घेऊन बसले होते. “तिनं ठरवलं म्हंजी ठरलं,” ते म्हणाले.

अप्पा संतापले. “येडी का काय तू! ह्या वयात? तुला काय झालं तर?”

“कावून व्हईल? दोन हायेत मला.”

“तरी बी न्हाई. मला न्हाई पायजे.”

अक्का शांत होती. “तू तान्हा व्हतास तवा आई रानात जायची. तुला एका कडंवर आन् घागर दुसऱ्या कडंवर, असं मी आडावरनं पाणी आणलंय. तुला बी सांडलं न्हाई, घागर बी सांडली न्हाई. आता सांडंन व्हय?”

अप्पांनी तोंड फिरवलं. मी आत जाऊन चहा टाकला आणि चहा उतू जाईपर्यंत तिथं उभी राहिले.

तिच्या मानण्यानं सगळं होणार नव्हतं. वय जास्त होतं. डॉक्टर म्हणाले, तपासण्या होऊ द्या, तिच्या जिवाला धोका असेल तर आम्हीच नाही म्हणू. मग संभाजीनगरला फेऱ्या. अक्काला तिथल्या लिफ्टची भीती. जिन्यानं चढायची आणि वर पोचून आम्हाला हसायची. रक्त जुळलं. रक्तदाब ठीक निघाला. प्रत्येक तपासणीनंतर मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायची, शाळेतली मुलं निकालाच्या दिवशी माझ्याकडे बघतात तशी. शेवटी ते म्हणाले की या बाईची तब्येत तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे. नात्याची परवानगी वगैरे सोपस्कार व्हायला पावसाळा उजाडला.

त्या पावसाळ्यात अप्पांनी गच्चीवर दुकान मांडलं. सुरुवातीच्या सरींनी गच्ची धुऊन जाऊ दिली, आणि मग स्टीलची पातेली, प्लास्टिकची पिंपं, टोप, जे काही होतं ते उघड्यावर ठेवलं. तांबं-पितळ तेवढं दुकानातच. आमच्याकडे पाऊस येतो तो हात आखडूनच. एखादी सर यायची, बुडं वाजायची, थांबायची. तरी श्रावणापर्यंत एक पिंप अर्धं झालं. अप्पांनी त्याला कापड बांधलं, झाकण ठेवलं, सावलीला नेलं. ते पाणी मिळायला लागल्यावर ऑर्किडच्या एका मुळाला टोकाशी हिरवं टिंब फुटलं. अप्पा भिंग घेऊन बघायचे. गिऱ्हाईक खोळंबायचं.

ऑपरेशन भाद्रपदात झालं. एका दाराआड अक्का, दुसऱ्या दाराआड अप्पा. बाहेर बाकावर मी, गौरी आणि दाजी. दाजींनी डबा आणला होता, तो कुणी उघडला नाही. आधी अक्काला बाहेर आणलं. ती गुंगीत होती, पण बरी होती. अप्पांची वाट बघणं तेवढं उरलं. ऑपरेशन झालं म्हणजे झालं असं नसतं, हे मला तिथं कळलं. ती किडनी आत जाऊन काम करायला लागली पाहिजे. लघवी झाली पाहिजे. मी इतकी वर्षं देवाजवळ काय काय मागितलं असेल. त्या दुपारी मी नवऱ्याला लघवी होऊ दे म्हणून हात जोडले, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

एक नर्स दार ढकलून बाहेर आली. तिचे डोळेच हसत होते, तोंडाला मास्क होता. “सुरू झाली! टेबलावर असतानाच सुरू झाली. पिशवी भरतेय.”

गौरी माझ्या गळ्यात पडली. दाजींनी टोपी काढून तोंडावर दाबली आणि खांदे हलायला लागले. मी अक्काकडे गेले. ती अर्धवट जागी होती, ओठ सुकलेले.

“अक्का, सुरू झालं. चांगलं चाललंय.”

“चालू झालं व्हय माझं?” ती पुटपुटली. “बरं झालं. आता मला च्या सांगा कुणीतरी.”

चहा काही तिला त्या दिवशी मिळाला नाही. त्यावरून तिनं नर्सशी भांडण केलं, तेव्हा ती बरी होणार याची मला खात्री पटली.

काही दिवसांनी डॉक्टर अप्पांना म्हणाले की आता पाणी भरपूर प्यायचं, जितकं जास्त तितकं नव्या किडनीला चांगलं. उकळून गार केलेलं पाणी मी ग्लासभर ओतलं. अप्पांनी तो दोन्ही हातांत धरला. प्यायले नाहीत. माझ्याकडे बघितलं.

“सगळा?”

“सगळा. मग अजून एक.”

ते सावकाश प्यायले. मध्ये थांबले नाहीत. गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत होते. ग्लास खाली ठेवून त्यांनी तोंड पुसलं, आणि मग तोच ग्लास माझ्याकडे सरकवला.

घरी आल्यावर एक अडचण आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कुंड्या, माती, कुजकी साल यांच्यापासून लांब राहायचं. आता जंतूंची भीती. म्हणजे ऑर्किड त्यांच्या हातून सुटलं ते सुटलंच. मी ते मागच्या पडवीत ठेवलं. मी पाणी घालते, अप्पा काचेच्या बंद खिडकीआडून बघतात. आधी आधी सूचना फार असायच्या. बोटानं खुणा: थोडं अजून. बस. खोबणीत सांडलं, पूस. आता कधी बघतात, कधी बघत नाहीत. दुकानात गर्दी असली की विसरूनही जातात. ज्या दिवशी ते पहिल्यांदा विसरले त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

झाड आहे. जुनी पानं गेली, दोन नवी आली, जाड आणि तजेलदार. दांडी काही अजून फुटलेली नाही. गौरी फोनवर विचारते, “कळी?” मी म्हणते, “नाही.” ती म्हणते, “येईल.” मलाही घाई नाही. पावसाचं पाणी साठवते, ते संपलं की साळवे काका एसीचं पाठवतात. ते अजून डायलिसिसवर आहेत. त्यांच्या मुलीनं किडनी द्यायचं ठरवलंय आणि तपासण्या चालल्यात. परवा फोनवर म्हणाले, “माझं बी टिकीट कन्फर्म होतंय बे अप्पा.” फोन ठेवल्यावर अप्पा बराच वेळ हातात फोन धरून हसत होते.

मागच्या रविवारी आम्ही नांदूरघाटला गेलो. अक्काच्या शेतात विहिरीला थोडं पाणी आहे, त्याच्यावर तिनं यंदा कलिंगडं केली आहेत. लिंबाखाली बाज टाकलेली, दाजी तिच्यावर आडवे. ऊन समोरच्या रानावर थरथरत होतं. अक्कानं एक कलिंगड धुतलं, माझ्याकडून सुरी उकळत्या पाण्यातून काढून घेतली, कारण तिला आता सगळे नियम पाठ झालेत, आणि कचकन दोन भाग केले. आत लालभडक. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. कलिंगड त्यांनी दोन उन्हाळे तोंडाला लावलं नव्हतं. या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनी मोकळीक दिली होती, पण सवय जायला वेळ लागतो.

“तिच्याकडं काय बघतूस रं?” अक्का म्हणाली. “घाबरतूस कावून? खा की.”

ते खायला लागले. आधी बेतानं, बिया काढत. मग बिया न काढता. रस कोपरापर्यंत ओघळला, सदऱ्यावर सांडला. अक्का फोडीमागून फोड कापत राहिली. लिंबावर कुठलासा पक्षी एकसारखा ओरडत होता.

नंतर अक्का शेजाऱ्याच्या बोअरची काहीतरी गोष्ट सांगत बसली. अप्पा ऐकत होते. मध्येच ते उठले, चपला सरकवल्या आणि बांधाच्या आडोशाकडे चालू लागले, सावकाश, हात मागे बांधून, जसा कुठलाही माणूस जातो तसे.

अक्काची गोष्ट थांबली. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

“गेला बघ,” ती हळूच म्हणाली.

“जाऊ द्या,” मी म्हणाले.

तिच्या पोटातून हसू आलं. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मग मलाही आवरेना. पदर तोंडात धरून आम्ही दोघी नणंदा-भावजया हसत राहिलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दाजी बाजेवर अर्धे उठले.

“काय झालं गं?”

“काय न्हाई,” अक्का म्हणाली. “निजा तुमी.”